एका वेळी एकच बदल, ही सवय आता सोडायला हवी

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात नवीन मशीन, नवीन गाड्या, नवीन शोध यांच्या बातम्या मी आवडीने वाचते. पण ती वस्तू बनवताना डिझाइनवाल्यांपुढे जे शेकडो पर्याय असतात त्यातला एक निवडायचा कसा, त्यासाठी ट्रायल किती घ्यायच्या आणि नेमक्या कुठल्या घ्यायच्या, यावर फारच क्वचित काही वाचायला मिळतं. मी वीसेक वर्षं याच कामात आहे आणि मला मनापासून वाटतं की आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त वेळ आणि मेहनत वाया जाते ती एका सवयीमुळे, ती म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. पत्र जरा लांबणार आहे. जागा कमी असेल तर मधला इतिहास कापा, पण शेवटचं कागदी हेलिकॉप्टर तेवढं ठेवा.

आधी माझाच अनुभव सांगते. आमच्याकडे एका मशीनच्या कंट्रोल बॉक्सचं काम होतं, आतलं तापमान ७१ डिग्रीपर्यंत जायचं आणि आम्हाला ते ६० च्या खाली हवं होतं. पंखा बॉक्सच्या वरच्या बाजूला, बाहेरची हवा आत ढकलणारा, आणि हवेच्या फटी मधल्या उंचीवर. बदलता येतील अशा चार गोष्टी आम्ही काढल्या, फटी मध्ये ठेवायच्या की तळाशी न्यायच्या, पंख्याने हवा आत ढकलायची की बाहेर ओढायची, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्या दाट की विरळ, आणि आत हवा वळवायला एक आडवी पट्टी लावायची की नाही. मग अगदी शिस्तीत एकेक करून बघितलं. फटी तळाशी नेल्या तर ७३, म्हणजे वाढलंच, परत मध्ये आणल्या. पंखा उलटा केला तर ७४, परत सुलटा केला. पात्या दाट केल्या, अर्धा-एक डिग्रीचा फरक. पट्टी लावली, काहीच नाही. प्रत्येक ट्रायलला बॉक्स तापून स्थिर व्हायला अर्धा दिवस, मध्ये पार्ट बनून यायची वाट, असे सहा आठवडे गेले आणि रिपोर्टमध्ये आम्ही लिहून मोकळे झालो की या डिझाइनमधून आणखी काही निघणार नाही, मोठा पंखा घ्यावा लागेल. मोठा पंखा म्हणजे जास्त आवाज, जास्त वीज, बॉक्सही मोठा, हे सगळं आम्ही मान्य करून बसलो होतो.

तेव्हा टीममध्ये नवीनच आलेल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, फटी आणि पंखा दोन्ही एकदम बदलून कधी बघितलं का? नव्हतं बघितलं. दोन्ही वेगवेगळे वाईट निघाले होते, मग दोन वाईट गोष्टी एकत्र कोण करून बघणार! तिने वहीत आठ ओळींचा एक तक्ता केला, प्रत्येक ओळीत चारही गोष्टींची एक वेगळी जुळणी, आणि चार दिवसांत आठ ट्रायल उरकल्या. फटी तळाशी आणि पंखा बाहेर ओढणारा अशा दोन ओळी त्यात होत्या, दोन्हींमध्ये तापमान ५८ च्या आसपास आलं.

आता कारण सांगितलं की कोणालाही पटतं. थंड हवा तळातून आत येते, पूर्ण बॉक्समधून वर जाते, गरम होते आणि वरून बाहेर ओढली जाते. फक्त फटी खाली नेल्या तर पंखा गरम हवेला उलटं खाली ढकलत बसतो. फक्त पंखा उलटा केला तर मधल्या फटीतली हवा सरळ वर निघून जाते, खालच्या भागाला वाराच लागत नाही. उत्तर हातात आल्यावर आमच्यातले सगळेच म्हणाले की हे तर सरळ आहे. पण सहा आठवडे ते कोणाला सुचलं नव्हतं, आणि आमच्या पद्धतीने आणखी सहा महिने गेले असते तरी ते समोर आलं नसतं, कारण ती जुळणी आमच्या रस्त्यावरच नव्हती.

थोडं आकड्यात बघा. फटी तळाशी नेण्याचा परिणाम किती, या प्रश्नाला एक असं उत्तरच नाहीये. पंखा हवा आत ढकलत असेल तर तापमान २ डिग्री वाढतं, बाहेर ओढत असेल तर १६ डिग्री कमी होतं. एका गोष्टीचा परिणाम दुसरी गोष्ट कुठे आहे त्यावर ठरतो, याला आमच्या भाषेत इंटरॲक्शन म्हणतात. एकेक गोष्ट बदलणाऱ्याला ही इंटरॲक्शन दिसायची सोयच नसते. आणि खऱ्या डिझाइनमध्ये, मग तो बॉक्स असो, बेअरिंग असो की प्लॅस्टिकचा साचा, दोन गोष्टी एकमेकींना अजिबात धक्का न लावता शेजारी शेजारी राहतात असं मी तरी फार कमी बघितलंय.

त्या मुलीने केलं तसं, तक्ता आखून अनेक गोष्टी एकदम बदलायच्या पद्धतीला डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स म्हणतात, कारखान्यात सगळे डीओईच म्हणतात, मराठीत प्रयोगाची आखणी म्हणू. नाव ऐकून लोकांना वाटतं की हे संख्याशास्त्रवाल्यांचं काहीतरी अवघड प्रकरण असणार. मुळातली कल्पना तराजूवर समजते. दोन पारड्यांचा तराजू घ्या, दोन वस्तू आहेत, दोनदाच वजन करायची परवानगी आहे. आपण सरळ पहिली एकदा आणि दुसरी एकदा तोलू. त्याऐवजी पहिल्यांदा दोन्ही एकाच पारड्यात ठेवा म्हणजे बेरीज मिळाली, मग एक या पारड्यात आणि दुसरी त्या पारड्यात म्हणजे फरक मिळाला. बेरीज आणि फरकावरून दोघींची वजनं निघतात आणि प्रत्येक वजनाला दोन्ही रीडिंगचा आधार असतो. तराजूची जी काही चूक असेल ती सरासरीत कमी होते, इतकी की एकेक वस्तू वेगळी तोलून तेवढा भरवसा हवा असेल तर चार वेळा तोलावं लागेल. मेहनत तेवढीच आणि माहिती दुप्पट, कारण प्रत्येक रीडिंगला दोन्ही वस्तूंबद्दल काहीतरी बोलायला लावलं.

डिझाइनच्या ट्रायलचंही तसंच आहे. तीन गोष्टी, प्रत्येकीचे दोन पर्याय, म्हणजे आठ जुळण्या. आठही केल्या तर प्रत्येक गोष्टीचा परिणाम चार विरुद्ध चार अशा तुलनेतून निघतो, आठच्या आठ रीडिंग प्रत्येक प्रश्नाला कामाला येतात. एकेक बदलून तेवढीच खात्री हवी असेल तर मूळ डिझाइनच्या चार आणि प्रत्येक बदलाच्या चार अशा सोळा ट्रायल लागतात, आणि त्या सोळातूनही इंटरॲक्शन कळतच नाही ते नाहीच.

हे काही आजचं नाही. रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात लागला, तिथे खतं, बियाणं, जमीन यांचे प्रयोग वर्षानुवर्षं चालायचे आणि एका हंगामाला एकच संधी, त्यामुळे ट्रायल वाया घालवणं परवडणारच नव्हतं. १९२६ मध्येच त्याने लिहिलं की निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा हे म्हणणं चुकीचं आहे, नीट विचार करून तयार केलेली प्रश्नावली दिली तर निसर्ग जास्त चांगलं उत्तर देतो. १९३५ मध्ये याच विषयावर त्याचं पुस्तक आलं. पुढे आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात ज्या ऑर्थोगोनल ॲरे, म्हणजे ट्रायलचे समतोल तक्ते, मांडल्या त्याच नंतर जपानच्या गेनिची तागुची या इंजिनिअरने कारखान्यात रुजवल्या, आणि हा तागुची १९५४-५५ मध्ये आपल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिला होता, हे आमच्याच क्षेत्रातल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ मध्ये अकरा गोष्टी फक्त बारा ट्रायलमध्ये तपासायचा तक्ता दिला. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स आणि त्यांचे सहकारी विल्सन यांनी १९५१ मध्ये केमिकल कारखान्यातल्या कामातून थोड्या ट्रायल घेत टप्प्याटप्प्याने चांगल्या उत्तराच्या दिशेने चढत जायची रीत मांडली. म्हणजे साधन तयार होऊन पाऊणशे वर्षं झाली.

या जॉर्ज बॉक्स यांनीच सांगितलेलं स्वीडनच्या एसकेएफ बेअरिंग कंपनीतलं एक उदाहरण मला फार आवडतं. बेअरिंगच्या आतल्या पिंजऱ्याचं, म्हणजे गोळ्या जागच्या जागी धरणाऱ्या भागाचं, एक स्वस्त डिझाइन होतं, ते जुन्याइतकं टिकतं का एवढंच बघायचं होतं. चार ट्रायल जुन्या पिंजऱ्याच्या, चार नव्या, असं ठरलं होतं. ख्रिस्टर हेलस्ट्रँड यांनी सुचवलं की ट्रायल आठच ठेवा, पण त्यातच आणखी दोन गोष्टी बदला, आतल्या रिंगचं हीट ट्रीटमेंट, म्हणजे धातू तापवून त्याचे गुण बदलायची प्रक्रिया, आणि बाहेरच्या रिंगच्या खाचेचा गोलावा. एकही ट्रायल वाढली नाही. आयुष्याचे आकडे आले १७, २५, २६, ८५ जुन्या पिंजऱ्याचे आणि १९, २१, १६, १२८ नव्याचे. पिंजऱ्याने विशेष फरक पडत नाही, म्हणजे स्वस्तातला वापरायला हरकत नाही, हे मूळ प्रश्नाचं उत्तर तर मिळालंच. पण ते ८५ आणि १२८ बघा! हीट ट्रीटमेंट आणि गोलावा दोन्ही एकत्र बदलले तिथेच आयुष्य पाचपट झालं, दोन्हींपैकी एकच बदललं तिथे जवळपास काही नाही. बेअरिंग बनवण्यात मुरलेल्या कंपनीत ही गोष्ट तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. मी हे आठ आकडे फळ्यावर लिहून नवीन मुलांना गप्प बसून बघायला लावते, दोन मिनिटांत कोणीतरी ओरडतंच.

आता कोणी म्हणेल की हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं, सिम्युलेशन करा, म्हणजे वस्तू न बनवता कॉम्प्युटरवरच ट्रायल घ्या, हव्या तेवढ्या ट्रायल फुकट. फुकट कसल्या? दहा मापं आणि प्रत्येकाचे तीन पर्याय घेतले तर ५९,०४९ जुळण्या होतात, एका सिम्युलेशनला एक तास धरला तर रात्रंदिवस चालवूनही पावणेसात वर्षं लागतील. त्यामुळे इथेही आखणी लागतेच, फक्त वेगळी. कॉम्प्युटरवर तेच इनपुट परत दिलं तर तेच उत्तर येतं, म्हणून एकच ट्रायल पुन्हा करण्यात अर्थ नसतो, त्याऐवजी ट्रायल सगळ्या जागेत पसरवायच्या. १९७९ मध्ये मॅके, बेकमन आणि कोनोव्हर यांनी लॅटिन हायपरक्यूब नावाची रीत दिली, समजा शंभर ट्रायल करायच्यात तर प्रत्येक मापाच्या रेंजचे शंभर पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात बरोबर एक ट्रायल येईल असं बसवायचं. दहा मापांना शंभरेक ट्रायल, म्हणजे मापांच्या दहापट, ही सुरुवातीला चालणारी मोजणी आहे. त्या शंभर उत्तरांवरून मधल्या न केलेल्या जुळण्यांचा अंदाज बांधणारं एक हलकं मॉडेल तयार करता येतं, त्याला क्रिगिंग म्हणतात, हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या डॅनी क्रिग या खाण इंजिनिअरवरून आलं, तो थोड्या नमुन्यांवरून जमिनीखालच्या सोन्याचा अंदाज काढायचा. मॉडेल बांधताना न वापरलेल्या दहा-पंधरा ट्रायल मात्र बाजूला ठेवा आणि त्यांच्यावर ते तपासा. मी अशी मॉडेल पाहिलीत की ज्यांचा ग्राफ सुंदर दिसत होता आणि नव्या ट्रायलवर अंदाज साफ चुकत होता.

डीओई म्हणजे जादू असंही मी म्हणत नाहीये, आणि तसं विकणाऱ्यांमुळेच तिचं नाव खराब झालंय. आमच्याच कंट्रोल बॉक्सचं घ्या. चार गोष्टींच्या खरं तर सोळा जुळण्या होतात, त्या मुलीने अर्ध्याच केल्या. अर्ध्या केल्या की काहीतरी सोडावं लागतं, इथे फटी-पंखा यांचा एकत्र परिणाम आणि पात्या-पट्टी यांचा एकत्र परिणाम आकड्यात एकमेकांत मिसळून येतात, नुसत्या तक्त्यावरून ते वेगळे करता येत नाहीत. हवा कशी वाहते हे समजणाऱ्या माणसाने सांगायचं की यातलं कुठलं संभवतं, आणि शंका असेल तर आणखी दोन ट्रायल घेऊन खात्री करायची. आम्ही घेतल्या. आठ ट्रायलमध्ये सात गोष्टी बसवता येतात, ज्याच्या सगळ्या जुळण्या १२८ होतात, पण तिथे ही सरमिसळ फार वाढते, एकेका गोष्टीचा स्वतःचा परिणामसुद्धा दुसऱ्या दोघींच्या इंटरॲक्शनमध्ये मिसळतो, ते फक्त पहिल्या चाळणीसाठी ठीक आहे. म्हणूनच जाणकार सांगतात की पहिल्याच प्रयोगात सगळं बजेट संपवू नका, पाव भाग खर्च करा, काय कळलं ते बघा, मग पुढचं ठरवा. कारण कुठल्या गोष्टी घ्यायच्या आणि त्या किती बदलायच्या हे आपल्याला सगळ्यात कमी कळत असतं ते सुरुवातीलाच.

आणि किती बदलायचं यातच निम्मे लोक चुकतात. बदल फार छोटा ठेवला तर परिणाम रीडिंगच्या डुगडुगीत बुडून जातो, फार मोठा ठेवला तर मशीनच बंद पडतं. दोन टोकं घेतली तर मध्ये एखादी ट्रायल ठेवा, म्हणजे रेषा मध्येच वाकते का ते तरी कळेल. त्याआधी मोजायचं साधन तपासा. आमच्या त्या सहा आठवड्यांत आम्ही ७१ आणि ७३ मध्ये फरक आहे असं धरून निर्णय घेत होतो, नंतर तीच जुळणी परत परत लावून बघितली तर दीड डिग्रीचा फरक आपोआपच पडत होता. म्हणजे आमचे निम्मे निर्णय रीडिंगच्या हलण्यावर घेतलेले होते, आणि हे आम्हाला माहीत नव्हतं कारण एकही ट्रायल आम्ही दुसऱ्यांदा केलीच नव्हती.

क्रमाचंही सांगायला हवं. दुपारी खोली तापते, संध्याकाळी माणूस थकतो, टूल हळूहळू झिजतं. आधी सगळ्या जुन्या फटीच्या ट्रायल आणि मग सगळ्या नव्या असं केलं तर फरक फटीचा की दुपारच्या उन्हाचा हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा. आमच्या टेस्ट रूममधले काका यावर वैतागले होते, साहजिक आहे, दर वेळी जुळणी बदलायची म्हणजे त्यांचंच काम वाढतं. आम्ही त्यांना बसवून कारण समजावलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की शेजारची भट्टी चालू असते त्या दिवशी आकडे वेगळे येतात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मग भट्टी चालू आणि भट्टी बंद असे दोन गट केले आणि दोन्ही गटांत चार-चार ट्रायल समतोल वाटल्या. एखादी गोष्ट बदलणं खरोखरच फार जिकिरीचं असेल, जसं की भट्टीचं तापमान, तर त्यासाठीही वेगळी आखणी असते, तीही शेतीतूनच आलेली, मोठ्या पट्ट्यात छोटे वाफे पाडतात तशी. सांगायचा मुद्दा, हाताने काम करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय तक्ता करू नका. कुठल्या गोष्टी बदलायच्या याची यादी सॉफ्टवेअर देत नाही, ती त्यांच्याकडेच असते.

माझी तक्रार शिक्षणाबद्दल आहे. शाळेत शिकवतात की प्रयोगात एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. समजून घ्यायला सुरुवात म्हणून ते बरोबर आहे. पण डिग्री घेऊन आलेली मुलंसुद्धा तेवढंच नियम म्हणून घेऊन येतात, आणि कोणी दोन गोष्टी एकदम बदलल्या की सिनिअर ओरडतात, आता कशामुळे झालं ते कसं कळणार! विचार न करता बदलल्या तर नाहीच कळणार. तक्ता नीट आखून बदलल्या तर जास्त कळतं, आणि हे एकदा स्वतः करून बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी, सूत्रं बाजूला ठेवून, एक आठ ट्रायलचा प्रयोग प्रत्येक मुलाच्या हातून झाला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. नंतर शेवटच्या वर्षाला ऐच्छिक विषय म्हणून शिकवून काही उपयोग नाही, तोवर सवय पक्की झालेली असते.

त्यासाठी लॅबही लागत नाही. कागदाचं हेलिकॉप्टर करतात ना, वर दोन पंख, खाली दांडी, उंचावरून सोडलं की गिरक्या घेत खाली येतं. हा प्रयोग जगभर डीओई शिकवायला वापरतात. मी माझ्या भाचीबरोबर केला, ती आठवीत आहे. तीन गोष्टी घेतल्या, पंख लांब की आखूड, कागद जाड की पातळ, खाली क्लिप लावायची की नाही. आठ हेलिकॉप्टर, प्रत्येक चार वेळा सोडायचं, बत्तीस चिठ्ठ्या करून क्रम तिनेच काढला, ती जिन्यावरून सोडत होती आणि मी खाली स्टॉपवॉच घेऊन उभी. तिची खात्री होती की लांब पंखवालं नेहमी जास्त वेळ टिकणार. जाड कागदात तसंच झालं. पातळ कागदात मात्र लांब पंख वर दुमडले आणि क्लिपवालं आणि बिनक्लिपचं अशी दोन्ही हेलिकॉप्टर गिरकी न घेताच कोसळली, आठही वेळा. ती खाली धावत आली, दोन्ही हातात धरून बघत बसली आणि म्हणाली, मावशी, म्हणजे पंख चांगले की वाईट ते कागदाला विचारायला लागतं! मग तिनेच वहीत बघून दाखवलं की एकाच हेलिकॉप्टरचे चार आकडे १.९ पासून २.४ सेकंदापर्यंत आलेत, तेव्हा दोन हेलिकॉप्टरमध्ये ०.२ सेकंदाचा फरक दिसला तर लगेच खूश व्हायचं नाही. मला हे कळायला नोकरीची कितीतरी वर्षं लागली होती.

त्या हेलिकॉप्टरचं मापांसकट चित्र आणि आठ ओळींचा तक्ता या पत्रासोबत जोडलाय. तुमच्या मुलांच्या पानावर कधी अर्धा कॉलम मोकळा असेल तर तेवढं छापा. आकडे भरायच्या जागा मी मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात.

आपली,
एक डिझाइन इंजिनिअर